शमीमआपाची वही

इथं लोक टाकतात ते गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, आणि खरं सांगू का – प्रत्येकाखाली मनातल्या मनात लाल पेनानं शेरे मारते. "नोंद कधी केली, घटनेच्या आधी की नंतर?" "साक्षीदार आपसात बोलले होते का?" "न घडलेल्या वेळा कुणी मोजल्या?" सवयच आहे ती. मी लातूरला मानसशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना सुरुवातीचे दोन महिने मी दुसरं काही शिकवतच नाही – निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष. बस्स. भुतं, शकुन, साक्षात्कार असलं काही माझ्या घरात कधी चाललं नाही आणि माझ्या वर्गात तर नाहीच नाही.

तरीही हे लिहायला बसलेय. कारण यातली अर्धी गोष्ट लेखी नोंदींसह माझ्या कपाटात आहे, आणि उरलेल्या अर्धीला दोनशे मुलं साक्षीदार आहेत. त्या दुपारची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो... भीतीचा नाही म्हणणार मी. दुसराच कसला तरी.

माझं माहेर नांदेडचं. किल्लारीकडं भूकंप झाला तेव्हा मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझे मामा लातूरला, गंजगोलाईच्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवर राहायचे, सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होते. भूकंपानंतर कितीतरी महिने छोटे-मोठे हादरे चालूच होते. शहरात घरं उभी होती, पण माणसं अंगणात ताडपत्रीखाली. मला लघुप्रबंधासाठी विषय हवा होता, म्हणून "भूकंपानंतरची भीती" असा विषय घेऊन, प्रश्नावलीचे गठ्ठे पिशवीत घालून मी एसटीनं लातूरला आले. आणि मामीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ते कागद राहू दे. आपल्या गल्लीतल्या शमीमआपाला भेट. तिला आधी कळतंय."

शमीमआपांचं बांगड्यांचं दुकान होतं. तीन पिढ्यांचं. त्या भागातल्या निम्म्या बायकांच्या हातात आपांनीच बांगड्या भरलेल्या. तेव्हा असतील पंचेचाळीसच्या. नवरा वारलेला, एकच मुलगी, नसीमा. धाकटी बहीण किल्लारीकडच्या एका गावात दिलेली होती – ती भूकंपात घराखाली सापडून गेली. त्याच्या आदल्या दिवशी आपांचे दात सकाळपासून आंबले होते. कच्ची चिंच खाल्ल्यावर होतात ना, तसे. चहासुद्धा घेता येईना. दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला त्या सांगत होत्या, त्यामुळं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पुढं दोन-तीनदा दात आंबले, आणि दोन-तीनदा हादरा आला.

झालं! सकाळ झाली की बायका दारात – "आपा, आज दात कसे हायेत?" आधी थट्टेत, मग खरंच. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कुणीतरी तोंडावर म्हणालं, "तुमी बोलता अन् येतं." एका लग्नघरानं नवरीचा चुडा दुसरीकडं भरला. ओळखीच्या बायका दुकानासमोरून जाताना पदर सावरून पलीकडच्या बाजूनं जायला लागल्या.

मी भेटायला गेले तेव्हा आपा रिकाम्या दुकानात काचेच्या बांगड्या रंगांप्रमाणे लावत बसल्या होत्या.

"बेटा, तू शिकलेली हाईस," त्या म्हणाल्या. "एवढंच सांग – हे माझ्यामुळं होऊन राहिलं का?"

मला काय वाटलं माहितीये? मला आनंद झाला! लाज वाटते सांगायला, पण झाला. इतका नेमका, इतका तपासता येण्यासारखा दावा पुस्तकात पण सापडत नाही. मी त्यांना समजावलं – आपा, दात आंबले आणि हादरा आला, ते लोकांच्या लक्षात राहतं. दात आंबले आणि काहीच झालं नाही, ते सगळे विसरतात. म्हणून आपण दोन्ही मोजायचं.

"दात आंबले की घड्याळ बघून लगेच वहीत लिहायचं. तारीख, वेळ. आणि कुणालाही सांगायचं नाही. नसीमाला पण नाही."

"लिहून काय व्हईल?"

"खरं काय ते कळेल."

"अन् खरंच निघालं तर?"

"नाही निघणार," मी म्हणाले. वय लहान होतं. आता मी असं कुणाला प्रयोगाआधी म्हणणार नाही.

पण रचना मी चोख केली होती, त्याचा मला अजूनही अभिमान आहे. आपा उर्दूत शिकलेल्या. त्या उर्दू आकड्यांत लिहायच्या, त्यामुळं गल्लीत डोकावून वाचणारं कुणी नव्हतं. मला ते आकडे आजोबांनी शिकवलेले – निजामाच्या काळात शाळा शिकलेले ते. हादऱ्यांची नोंद मामांकडं. त्यांनी ओसरीच्या हुकाला दोरी बांधून दोन किलोचं लोखंडी माप लटकवलं होतं. ते हललं की मामा वेळ लिहायचे. घरी नसले तर शेजारचे रिटायर्ड पोस्टमास्तर. आपांच्या वहीत काय आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. आणि तुलनेसाठी मी मामीला एक वही दिली.

"मला काय कळतंय त्यातलं?" मामी म्हणाली.

"तेच पाहिजे मामी. तुला कधीही मनात येईल तेव्हा घड्याळ बघून वेळ टाकायची. उगाचच."

"उगाचच?"

"अगदी उगाचच."

नोंदीनंतर दोन तासांत हादरा आला तर "लागली", नाही तर "चुकली" – हा नियमही आधीच ठरवून, कागदावर लिहून, पाकिटात बंद करून मी माझ्या सरांकडं ठेवला होता. नंतर सोयीप्रमाणे नियम बदलायची पळवाटच नको.

तीन महिने चाललं. मी दर पंधरा दिवसांनी नांदेडहून यायची. शेवटी एका रविवारी दुपारी मामांच्या ओसरीवर तिन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या. आपा समोर बसलेल्या. मी एकेक नोंद वाचत होते, मामा टिक करत होते. आपांच्या चाळीसभर नोंदी. त्यातल्या सहा लागलेल्या. मामीच्या साधारण तेवढ्याच नोंदी. त्यातल्या सात!

"अगं बाई," मामी म्हणाली, "म्हणजे मलाच जास्त कळतंय की!"

आम्ही सगळे हसलो. आपा हसल्या नाहीत.

"म्हंजे माझ्यामुळं न्हाई येत?"

"नाही आपा. तुमचा आणि भूकंपाचा काही संबंध नाही. दात दुखतात, ते दातांमुळं. दातांच्या डॉक्टरकडं जा."

डोळ्यांना ओढणी लावून आपा बराच वेळ रडल्या. मग उठून म्हणाल्या, "हे गल्लीत सांग. मी सांगून कुणी मानणार न्हाई." म्हणून मी वह्या घेऊन गल्लीत उभी राहिले आणि जमलेल्या बायकांना सगळं समजावून सांगितलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं लेक्चर ते! चार दिवसांनी एक बाई बांगड्या भरायला आली. मग दुसरी. हळूहळू दुकान भरलं. मला वाटलं, विज्ञान म्हणतात ते हे. एका बाईच्या डोक्यावरचं भूत उतरवलं आपण.

पुढं मला लातूरलाच नोकरी लागली, लग्न झालं. आणि डोळ्यांदेखत गाव बदललं. बारावीला लातूरला जायचं, असं नांदेड-परभणीपासून सगळीकडं सुरू झालं. गल्लोगल्ली हॉस्टेल, मेस, क्लासच्या पाट्या, पाटीवर मार्कांसकट फोटो. संध्याकाळी रस्त्यावर नुसत्या सायकली आणि सॅक. जिथं रिकामी जागा दिसेल तिथं क्लास. माझी भाची प्रज्ञा उमरीहून शिकायला माझ्याकडं आली. ती जायची तो क्लास एका जुन्या डाळमिलच्या गोदामात होता – नाव सांगत नाही, आता तो नाहीच. वरचे पत्रे काढून स्लॅब टाकलेला, स्लॅबवर पाण्याच्या टाक्या. खाली बाकांच्या रांगा. आत गेलं की अजून तुरीच्या डाळीचा वास यायचा.

त्या क्लासच्या संचालकांनी मला रविवारी "अभ्यासाचं मानसशास्त्र" यावर बोलायला बोलावलं. दुपारचे तीन वाजले होते. दोनशेच्या आसपास मुलं, एकेका बाकावर दोघं दोघं. प्रज्ञा तिसऱ्या रांगेत. मी फळ्यावर विसरण्याचा आलेख काढत होते तेवढ्यात दाराशी गडबड ऐकू आली. वॉचमन कुणाला तरी अडवत होता.

शमीमआपा.

त्यांचं दुकान एव्हाना हॉस्टेलच्या बाजूला आलं होतं – क्लासपासून दोन गल्ल्या पलीकडं. बांगड्यांबरोबर क्लिपा, रबरबँड, मेंदी ठेवायच्या. येता-जाता भेट व्हायची. पण या गोदामात त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. मी नंतर खोदून खोदून विचारलंय. मी तिथं आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, कारण सकाळीच प्रज्ञानं त्यांच्याकडून क्लिपा घेताना सांगितलं होतं.

मी दाराशी गेले. त्यांनी ओढणीचा बोळा जबड्याला दाबून धरला होता. पायात चप्पल नव्हती.

"बेटा, पोरायला भायेर काढ."

"काय झालं आपा?"

"दात."

मला आधी हसूच आलं. "आपा... आपण मोजलं होतं ना? तुमच्यासमोर मोजलं होतं."

"हाव. मोजलं होतं. तरी बी काढ."

"अहो, पण –"

"असं कधीच न्हाई झालं. इकडं येऊ लागले तसं वाढून राहिलं. या दारात तर उभं राहवेना. बेटा, मी पाया पडते तुझ्या, काढ त्यांला."

पाच सेकंद असतील, पण त्या पाच सेकंदांत माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं! माझा स्वतःचा प्रयोग सांगत होता की यात काही तथ्य नाही. संचालक काय म्हणतील? पालक काय म्हणतील – मानसशास्त्राच्या बाई दातांवरून वर्ग सोडतात! शिवाय ही सगळी भूकंप बघितलेली मुलं. "बाहेर पळा" म्हणायची खोटी, एका दारातून दोनशे जणांची चेंगराचेंगरी झाली असती. आपांच्या दातांपेक्षा तो धोका मला पक्का ठाऊक होता.

आणि समोर आपांचे अनवाणी पाय.

मी व्यासपीठावर परत गेले. टाळ्या वाजवल्या. "मुलांनो, नुसतं ऐकून कंटाळलात ना? चला, आपण आत्ता एक खराखुरा प्रयोग करू. स्मरणशक्तीचा."

मुलं खूश! मी भराभर बोलत होते, आवाज मुद्दाम हसरा ठेवून. "प्रत्येक बाकावर डावीकडं बसलेले – अ गट. उजवीकडचे – ब गट. दप्तरं इथंच राहू द्या. अ गट एकेका रांगेनं, न पळता, माझ्याबरोबर बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली येईल. ब गट..."

आणि इथं माझी जीभ सवयीनं पुढं गेली. "ब गट इथंच, आहे तिथंच बसेल."

कारण प्रयोग असाच असतो! एका गटावर काहीतरी करायचं, दुसऱ्याला आहे त्या परिस्थितीत ठेवायचं. वर्षानुवर्षं शिकवत होते मी ते. डावीकडची मुलं उठून उभी राहिली. उजवीकडची आरामात मागं टेकली.

प्रज्ञा उजवीकडं होती.

ती माझ्याकडं बघून हसली – मावशीचं काय चाललंय, अशी. माझा तर विश्वास नव्हता ना? मग बहिणीची पोर आत ठेवायला मन का तयार होईना? आणि तिला एकटीला बाहेर काढायचं म्हटलं, तर बाकीची शंभर कुणाचीच नव्हती का?

"थांबा, थांबा, चुकलं!" मी ओरडले. "ब गट पण बाहेर. गेटजवळ उभा राहील. आत कुणीच नको."

पहिल्या बाकावरची एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तुलना कशाशी करणार?"

"बाहेर चल, सांगते."

मुलं हसत, ढकलाढकली करत, पण रांगेनं बाहेर पडू लागली. मी दारात उभी राहून एकेक रांग सोडत होते. संचालक ऑफिसातून धावत आले – "मॅडम, चार वाजता टेस्ट आहे! काय लावलंय हे?" मी म्हटलं, "प्रयोग. दहा मिनिटं द्या." त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. शेवटची रांग बाहेर आली, आणि तेवढ्यात ती चष्मेवाली "माझी नोट्सची वही" म्हणत परत आत वळली. आपांनी तिचा दंड धरला. ती हिसडा मारू लागली, आपांनी दोन्ही हातांनी कवळ घातली. आपांच्या हातातल्या बांगड्या फुटल्या, पोरीचा चष्मा खाली पडला, ती रडायला लागली. "सोडा ना! कोण आहात तुम्ही?"

तोवर मी लिंबाखाली जाऊन अ गटाला शब्द म्हणून दाखवायला सुरुवात केली होती. नाटक पुरं करायला हवं ना. "सायकल... ताट... पतंग... मीठ... खिडकी..."

सहावा शब्द मला अजून आठवत नाही.

ट्रकमधून खडी ओततात तसा आवाज आला. मग एकच दणका. गोदामाच्या खिडक्यांतून धुळीचे लोट असे बाहेर आले की समोरचं गेट दिसेना. कुणीतरी किंचाळलं "भूकंप!" आणि मी पहिली गोष्ट काय केली असेल? खाली बसून तळहात जमिनीला टेकवला. जमीन अगदी स्वस्थ होती. लिंबाचं पान हलत नव्हतं.

धूळ खाली बसल्यावर दिसलं – मधला स्लॅब टाक्यांसकट खाली आला होता. व्यासपीठापासून सहाव्या-सातव्या रांगेपर्यंत बाक दिसतच नव्हते. दारातून पाणी वाहत बाहेर येत होतं, त्यात कुणाच्या तरी नोट्सचे कागद. संचालक मटकन खालीच बसले. वॉचमननं आणि मी हजेरीचं रजिस्टर घेऊन मुलं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजली. सगळी होती. एक ना एक! प्रज्ञा येऊन मला अशी घट्ट बिलगली की मला श्वास घेता येईना, आणि मी रडत होते आणि हसत होते... काय होत होतं सांगताच येत नाही. दोनशे मुलं जिवंत उभी होती हो माझ्यासमोर!

आपा गेटच्या दगडावर बसून वॉचमनच्या तांब्यातून पाणी पीत होत्या. "गेलं," त्या म्हणाल्या. "दात मोकळे झाले."

घरी गेल्या गेल्या मामांना फोन लावला. त्यांचं ते माप अजून ओसरीवर लटकत होतंच. मामा दुपारभर तिथंच पेपर वाचत बसलेले. "अजिबात हललं नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातही हादऱ्याची बातमी नव्हती. स्लॅब का पडला ते इंजिनिअरनी पाहणी करून स्वच्छ सांगितलं – जुन्या भिंती, वर टाक्यांचा भार, महिनोन् महिने मुरलेलं पाणी. त्यात काहीच गूढ नाही. लोक म्हणाले, मॅडमच्या प्रयोगानं पोरं वाचली. मला हारतुरे झाले. आपांनी मात्र हात जोडून सांगितलं होतं, "माझं नाव घेऊ नको. पुन्हा तेच सुरू व्हईल." म्हणून तेव्हा मी गप्प राहिले, आणि इथंही मायलेकींची नावं बदलूनच लिहिलीत.

पण मला चैन कुठली! दोन दिवसांनी सकाळी कपाटातून आपांची जुनी वही काढली. "चुकली" म्हणून लाल फुली मारलेल्या सगळ्या नोंदी एका कागदावर उतरवल्या आणि वाचनालयात जाऊन तेव्हाच्या पेपरांचे गठ्ठे उपसले. आणि... लातूरजवळच्या मुरुडला विहिरीचं बांधकाम ढासळून त्याखाली मजूर सापडल्याची बातमी. तारीख जुळत होती. आणखी एक नोंद – एका घराची भिंत पडली, खाली म्हातारी. नांदेड जिल्ह्यात इस्लापूरकडं पण एक भिंत. मी वाचनालयात अक्षरशः उभी राहिले. म्हणजे आपा चुकल्याच नव्हत्या? मीच चुकीची गोष्ट मोजत होते? मी भूकंप मोजला, आणि त्यांना कळत होतं ते माणसांच्या अंगावर काहीतरी कोसळणं?

पण मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. नियम आधी ठरतो, नंतर नाही. उत्तर हातात घेऊन मागं शोधायला निघालं की काही ना काही सापडतंच. म्हणून मी मामीची "उगाचच" लिहिलेली वही काढली आणि त्याच पेपरांत तिच्याही तारखा शोधल्या. तिच्याही दोन जुळल्या. भूकंपानं खिळखिळ्या झालेल्या भिंती त्या दिवसांत पडतच होत्या. आपांच्या तीन, मामीच्या दोन. यावरून काय म्हणायचं? काहीच नाही म्हणता येत.

मग उपाय एकच – पुन्हा प्रयोग, नव्या नियमानं! मी नवीकोरी वही घेऊन नाचतच आपांच्या दुकानात गेले. या वेळी कसं करायचं, नोंदी कुठं ठेवायच्या, कोण पडताळणार, सगळं सांगितलं. आपांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वही माझ्याकडं सरकवली.

"नको बेटा."

"का आपा? आता तर खरं कळेल!"

"तवा लिहायची ना, तवा लिहून झालं की मी वाट बघत बसायची. आला का, आला का. न्हाई आला की वाटायचं, यावं. एकदा तरी खरं ठरावं." त्या माझ्याकडं न बघता बांगड्या पुसत होत्या. "माझी बहीण तशीच गेली, अन् मी बसून काय मागून राहिले? तो गुनाह हाय. मला न्हाई करायचा."

प्रयोग करणाऱ्याची अपेक्षा निष्कर्षावर परिणाम करते, हे मी फळ्यावर कितीदा लिहिलंय. पण असं कुणी सांगितलं नव्हतं.

काही वर्षांनी नसीमाचं बस्तान नांदेडला बसलं आणि आपा दुकान बंद करून तिच्याकडं गेल्या. गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा त्यांना भेटून आले. थकल्यात आता. नसीमानं चहा आणला. बऱ्याच गप्पा झाल्या. मग मी इतके दिवस मनात ठेवलेलं बोलले.

"आपा, एक कबूल करायचंय. त्या दिवशी मी तुमच्यावर विश्वास ठेवून मुलांना बाहेर नाही काढलं. प्रयोगाचं खोटंच सांगून काढलं."

आपा हसल्या. "अन् माझा तरी कुठं होता? सकाळपासून आंबून राहिले होते दात. मी दुकानातच बसून राहिले. म्हटलं, बेटानं मोजून सांगितलंय, यात काही न्हाई. तूच गल्लीत उभी राहून सांगितलं होतंस. मी तेच धरून बसले होते इतकी वर्षं. त्या दिवशी तू तिथं हाईस म्हणून पाय निघाले."

मी कप खाली ठेवला.

"आपा... मधल्या वर्षांत आणखी कधी झालं होतं का? असं... जेव्हा तुम्ही बसून राहिलात?"

नसीमा आईकडं बघायला लागली. आपांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, थोपटला. "चहा गार होऊन राहिला. पी."

मी गार चहा पिऊन टाकला. उत्तर मला मिळालं होतं.

स्लॅब का पडला ते मला माहीत आहे. दोन गल्ल्या पलीकडं बसलेल्या बाईला ते सकाळपासून कसं कळलं, ते माहीत नाही. कानाला न येणारा आवाज, जमिनीतून येणारी बारीक थरथर, निव्वळ योगायोग – सगळं तपासून बघितलं, एकही पुरत नाही. एका घटनेवरून निष्कर्ष निघत नाही, हे मी आजही वर्गात सांगते आणि ते खरंच आहे. पण ते सांगताना आता आवाज पहिल्यासारखा निघत नाही.